सळईला पाणी

मंदाबाईंचं घर पुन्हा बंद पडलं.

इतरांची घरं गळतात, त्यांच्या भिंतींना ओल येते, दाराला वाळवी लागते, पण ती बंद पडत नाहीत. मंदाबाईंचं पडतं, कारण त्याला चाकं आहेत. आणि पडलं तेही कुठं, तर शिंदखेड्याहून धुळ्याकडे येताना रेल्वेच्या फाटकात, एप्रिलच्या भर दुपारी, पुढे टँकर, मागे ट्रॅक्टर आणि दोन्हीकडून हॉर्न. चूक त्यांचीच. जुन्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न उरकून सकाळी निघताना वऱ्हाडातल्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली होती आणि बजावलं होतं, "मावशी, धुळं येईपर्यंत इंजिन बंद करू नका." फाटक पडलं, गाडी थांबली आणि जन्मभराची काटकसर बोटांत उतरली. उगाच डिझेल कशाला जाळा, म्हणून मंदाबाईंनी किल्ली फिरवली. फाटक उघडल्यावर परत फिरवली, तर आतून नुसतं टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"मर मेल्या," मंदाबाई म्हणाल्या. हे त्या गाडीला म्हणाल्या की गाडीचं घर करणाऱ्या नवऱ्याला, हे सांगणं कठीण आहे, कारण नवरा बिचारा आधीच गेलेला होता.

एरवी गाडी बंद पडण्याचं त्यांना काही नवल राहिलं नव्हतं. पण आज ती बंद पडायला नको होती. उद्या मुलगा सुयश पुण्याहून धुळ्यात, देवपूरला यायचा होता, आणि तिथे गाडीचं गिऱ्हाईकही यायचं होतं. मागच्या खेपेला अमळनेरजवळून गाडी टोचन लावून आणावी लागली, तेव्हा सुयश फोनवर म्हणाला होता, "आई, आता बस झालं. परत जर ओढून आणायची पाळी आली तर मी ती विकणार. धुळ्यातला एक केटरिंगवाला मागतोय, पावभाजीची गाडी करणार म्हणतो. तू गुपचूप पुण्याला यायचंस." त्या दिवशी मंदाबाईंचं डोकं इतकं तापलेलं होतं की त्या "बरं" म्हणून गेल्या. गेलेला शब्द गेला. आता देवपूरला गाडी आपल्या चाकांनी पोचली तर घर राहणार होतं. दोराला बांधून पोचली तर घराची पावभाजी होणार होती.

फाटकातल्या लोकांना हॉर्न वाजवून झाल्यावर माणुसकी आठवली. चारसहा जणांनी धक्का मारून बघितला, पण या वेळी इंजिन काही चालू होईना; मग गाडी ढकलत बाजूच्या शेतातल्या निंबाखाली नेऊन लावली आणि हात झटकत सगळे आपापल्या वाटेला लागले.

मंदाबाई तशा रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. जन्म गेला आरोग्यसेविकेच्या नोकरीत, जळगाव नि धुळे जिल्ह्यांतल्या उपकेंद्रांवर. लोक त्यांना नर्सबाई म्हणत. अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीतून नेताना त्या कधी डगमगल्या नव्हत्या. त्यांना घाम फुटायचा तो बदली झाल्यावर, नव्या गावात खोली शोधताना. मालकीणबाई मोठ्या प्रेमाने या बसा करायची, चहाचं आधण ठेवायची आणि साखर टाकता टाकता विचारायची, "आडनाव काय म्हणायचं तुमचं?" आडनाव सांगितलं की आधण तसंच राहायचं. सकाळी रिकामी असलेली खोली दुपारपर्यंत मालकाच्या भाच्याला दिलेली असायची. खानदेशात इतके भाचे आहेत हे मंदाबाईंना नोकरीमुळेच कळलं. बाळंतपणाला मध्यरात्री उठवून न्यायला सगळे यायचे, खोली मात्र मिळायची ती वस्तीतच, बुद्धविहारामागे, पत्र्याची.

त्यांचा नवरा लीलाधर मोटर बांधणारा मिस्तरी. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की त्यांची तार नव्याने गुंडाळायची, शेतातली लाइट जोडून द्यायची, हे त्याचं काम. बायकोची बदली होईल तिथे त्याचं दुकान जायचं. मंदाबाई भाच्यांच्या गोष्टी सांगून, रडून मोकळ्या व्हायच्या. लीलाधर ऐकायचा, पक्कड घेऊन काहीतरी खोलून बसायचा, बोलायचा नाही. त्याचं बोलणं बाहेर पडलं ते मंदाबाई निवृत्त झाल्यावर. सगळे लोक देवपूरला प्लॉट घेतात, हा गृहस्थ एका शाळेने मोडीत काढलेली पिवळी मिनीबस घेऊन आला. "आता कोण आडनाव विचारतो ते बघू," एवढंच म्हणाला.

सगळं त्याने हाताने केलं. खाट, ओटा, कपाट, पाण्याची टाकी, पंखा, फ्रीज. वरून पांढरा रंगही स्वतःच दिला, पण खालचा पिवळा हट्टी निघाला. अजून पहाटे कुठल्याही गावात गाडी उभी दिसली की दप्तरं पाठीला लावलेली पोरं पळत येतात आणि दारातून खाट बघून हिरमुसतात. पांझरेच्या काठावर त्याने मंदाबाईंना गाडी चालवायला शिकवली. एक पावसाळा, एक हिवाळा दोघं हिंडले, तोवर गाडी गुणी लेकरासारखी वागली. मग एक दिवस दुपारचं जेवून लीलाधर खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही.

सुयशने पुण्याला नेलं. तिथे सोसायटीत कोणी आडनाव विचारत नव्हतं. तिथे कोणी काहीच विचारत नव्हतं. मंदाबाई गॅलरीतून खालच्या गाड्या बघत बसायच्या. वर्ष सरायच्या आत त्या परत आल्या आणि पिवळ्या गाडीत एकट्या राहू लागल्या. आणि इथून गाडीने जे रंग दाखवायला सुरुवात केली, ते काही विचारू नका.

आधी फ्रीज. त्यात ठेवलेलं दूध बाहेरच्यापेक्षा लवकर नासायचं. मग पंखा, तो जेवणाच्या पंगतीत रुसून बसलेल्या व्याह्यासारखा फिरायचा. दिवा लावला की काजव्याएवढा उजेड. दाराच्या मुठीला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या. आणि बॅटरी सदा उतरलेली, त्यामुळे गाडी धक्क्याशिवाय चालू व्हायची नाही. त्यावर कडी म्हणजे ज्याच्याकडे मंदाबाई वायर टाकून वीज घ्यायच्या, त्या घरची लाइट जायची. जुन्या घरांत एखादे वेळी चालून जायचं. नव्या, चांगल्या बांधलेल्या बंगल्यात मात्र प्लग लावला रे लावला की ठप्. आतून सीरियल बंद पडल्याचा आरडाओरडा, मग दारात मालक. पहिल्यांदा तो हसायचा, दुसऱ्यांदा स्विच वर करून द्यायचा, तिसऱ्यांदा म्हणायचा, "मावशी, आमच्याकडे जरा पाहुणे यायचेत." मंदाबाईंना वाटायचं, आडनाव न सांगताही आपण शेवटी भाच्यांपाशीच आलो.

धुळ्यातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन भूपेंद्र हे त्यांचं दुसरं दुखणं. कानात सदा इअरफोन, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की भलत्याशीच, याचा पत्ता लागायचा नाही. पहिल्या दिवशी त्याने मंदाबाईंच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "साहेब कुठंयत?" साहेब नाहीत म्हटल्यावर त्याने बॅटरी बदलली. पुढच्या वेळी अल्टरनेटर. मग सेल्फ. मग इन्व्हर्टर. प्रत्येक वेळी "आता बघायचं काम नाही, मावशी," आणि प्रत्येक वेळी काही दिवसांनी तेच रडगाणं. माल आला नाही, कारागीर लग्नाला गेला, उद्या या. मंदाबाईंनी त्याच्या दुकानापुढच्या स्टुलावर इतक्या दुपारी काढल्या की लोक त्यांनाच टायरचा भाव विचारायला लागले.

एकदा मात्र भूपेंद्रने आतला पत्रा काढून बघितलं आणि इअरफोन काढला. "मावशी, ही वायरिंग कोणी केली? सगळी लाल! कुठली कुठं जाते कसं कळायचं? हे सगळं उपटून नवीन टाकावं लागेल. आधी तो बाहेरचा प्लग खोलून दाखवा."

बाहेरच्या वायरीच्या टोकाला जो प्लग होता, त्यावर लीलाधरने काळी टेप गुंडाळलेली होती. वेढ्यावर वेढा, अर्ध्यावर अर्धा, घट्ट आणि सारखा. मंदाबाईंनी आयुष्यभर बँडेज बांधली होती, त्यांना बांधणीतलं कळत होतं. टेपच्या शेवटच्या टोकावर त्याच्या अंगठ्याचा दाब अजून उमटलेला होता.

"त्याला हात लावायचा नाही," मंदाबाई म्हणाल्या.

"अहो, पण—"

"त्यांच्या हातचं आहे. बाकी काय करायचं ते कर."

भूपेंद्रने इअरफोन परत घातला आणि बॅटरी बदलली.

याखेरीज एक लोखंडी सळई होती, तिच्याबद्दल मंदाबाई कोणाला बोलल्या नव्हत्या, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. गाडीखालून निघालेल्या एका वायरीला ती बांधलेली होती. लीलाधरने बजावून ठेवलं होतं, "मंदा, सळई जमिनीत ठोकल्याशिवाय प्लग लावायचा नाही. नि संध्याकाळी तिच्या बुडाला तांब्याभर पाणी घालायचं. अर्थिंग असतं ते." इंजेक्शनच्या आधी स्पिरिट लावतात तसं हे, असं समजून मंदाबाई ते पाळत आल्या. गॅरेजात सळई ठोकायचा प्रश्न नव्हता, ती खाटेखाली पडून असायची. गावोगावी मात्र लोक बघायचे की एक बाई रोज तिन्हीसांजेला अनवाणी उतरते आणि सळईला पाणी घालते. धरणगावकडच्या एका खेड्यात तर बायकांनी येऊन सळईला हळदकुंकू वाहिलं. धम्मदीक्षा घेतलेल्या बाईच्या दारात हे! मंदाबाईंनी कपाळाला हात लावला आणि सळई धुऊन घेतली.

अलीकडे पाणी घालताना त्यांच्या तळपायांना मुंग्या यायच्या. साखर वाढली असणार, म्हणून त्यांनी दोनदा तपासून घेतली. साखर चांगली होती. म्हणजे शरीराचंही वायरिंग बिघडलं, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

तर आता निंबाखाली गाडी उभी होती. समोर कांद्याची रास पडलेली, पलीकडे नवं स्लॅबचं घर. तिथून एक तिशीतला माणूस टोपी सारखी करत आला. नाव गोपाल. शेतीची पदवी घेऊन गावी परत आलेला, बोलायला नीट.

"मावशी, काय झालं?"

"बॅटरी उतरली. थोडा वेळ वायर लावू द्याल का? चार्ज झाली की जाते. मला उद्या देवपूरला पोचायचंच आहे, बाबा. नाहीतर घर जातं माझं."

घर कसं जातं ते गोपालला कळलं नाही, पण त्याने वायर आणून दिली. मंदाबाईंनी सळई काढली. काळी जमीन भेगाळून दगडासारखी झालेली, दगडाने ठोकताना हात झणाणले. प्लग लावला. घरातून ठप् असा आवाज आला आणि कुलरची घरघर थांबली.

"बा गोपाल, लाइट गयी!" आतून एका म्हातारीचा आवाज.

गोपालने जाऊन स्विच वर केला. ठप्. पुन्हा केला. ठप्. त्याच्या चेहऱ्यावर मंदाबाईंना ओळखीचं काहीतरी दिसायला लागलं, पाहुणे येण्याआधी दिसतं ते. फ्रीजमध्ये डेअरीचं दूध होतं, आई कुलरशिवाय बसू शकत नव्हती, कांद्याचा ट्रक यायचा होता. मंदाबाईंचा अगदी अंगाचा तिळपापड झाला. कोणावर रागवावं तेही कळेना. भूपेंद्र धुळ्यात, सुयश पुण्यात आणि ज्याने हे सगळं करून ठेवलं तो तर फोटोत.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी टोचन बघते."

गोपाललाच मग वाईट वाटलं. "थांबा मावशी. आमचा नवा स्विच जरा नाजूक आहे. त्याच्या अलीकडूनच डायरेक्ट जोडून देतो तुम्हाला."

त्याने तसं दिलं. या वेळी कुठे काही पडलं नाही. गाडीत दिवा लागला, नेहमीसारखा काजव्याएवढा, आणि चार्जरचा काटा मेल्यासारखा पडून राहिला. बुडाशी ओल नाही म्हणून असेल, असं म्हणत मंदाबाईंनी संध्याकाळची वाट न बघता तांब्या भरला, चपला दारात काढल्या आणि खाली उतरून सळईकडे निघाल्या. पहिली धार पडली आणि पायांतून मुंग्या नाही, साक्षात करवत गेली.

"ए बाई! पानी नको टाकू! दूर व्हय, दूर व्हय तठून!"

घराच्या ओट्यावरून एक म्हातारी काठी टाकून धावत येत होती. गोपालची आई, यशोदाबाई. मंदाबाई मागे कोलमडल्या, तांब्या घरंगळत गेला. गोपालने पळत जाऊन प्लग उपटला.

"मरानं शे का तुले? पायमा चप्पल बी नही!" यशोदाबाई ओरडल्या. त्यांनी सळईकडे बोट केलं, जवळ मात्र गेल्या नाहीत. "आमना ढवळ्या असाच मरी गया. खुटाजोडे बांधेल व्हता. पानी पडनं, जमीन वल्ली, नि बैल उभाच्या उभा पडना."

गोपाल सळईकडे, मग गाडीकडे बघत राहिला. "मावशी, ही शेतावरची लाइट आहे. कोणी जोडली ही?"

मग त्याने सांगितलं ते इतकं साधं होतं की मंदाबाईंना रडावं की हसावं कळेना. विजेला घरात यायला एक तार लागते आणि परत जायला दुसरी. पूर्वी मोटारीच्या लाइनवर खोपटीत दिवा लावायचा तर ती परतीची तार नसायची. मग लोक काय करायचे, जमिनीत लोखंडी खुंटा ठोकायचे आणि वीज जमिनीतूनच परत धाडायचे. दिवा बारीक झाला की खुंट्याला पाणी घालायचे. खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा, सगळ्यांनी केलेलं आहे. जमीन ओली असेतो भागतं. ती वाळली की वीज परत जायला वाट मिळत नाही. मग ती सळईत राहते, गाडीच्या पत्र्यात राहते, पाणी घालणाऱ्याच्या पायात शिरते. आणि नव्या घरातला स्विच म्हणतो, माझी गेलेली वीज परत आली नाही, आणि पडतो.

"म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड काही नाहीये," गोपाल म्हणाला. "तशीच केलेली आहे ती. प्लगमधली परतीची तार जोडली की झालं. पण तो खोलावा लागेल."

त्याने प्लग हातात घेतला. मंदाबाई नेहमीचं वाक्य बोलणार, तोच यशोदाबाईंनी तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन टेपच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं.

"असा टेप तर तोच बांधे," त्या हळू म्हणाल्या. "आमना खुटानी तार बी त्यानीच बांधेल व्हती. तुना घरवाला लीलाधर मिस्तरी व्हता का? तू ती नर्सबाई?"

मंदाबाईंनी मान हलवली. या गावापासून जवळच त्यांचं एक उपकेंद्र होतं, सुयश तेव्हा बालवाडीत होता.

"बैल मेला ते तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"तू बदली व्हईसन चालनी गयी व्हती."

"धरणगावला गेलो होतो, अक्का, विलायतेला नाही. एखाद्याच्या हाती निरोप तर धाडायचा. कोणी सांगितलं असतं तर त्यांनी जन्मभर लोकांच्या शेतात हे खुंटे ठोकले नसते. स्वतःच्या घराला ठोकला नसता."

यशोदाबाईंनी खाली बघितलं. "कोन सांगी? तुमनी वस्तीमा आमना घरनं कोनी जाये नही." मग त्याच पुढे म्हणाल्या, "त्याना चहाना कप बी हिरीवरच ऱ्हाये. येगळा. घरमा आम्ही त्याले कधी बलायं नही."

हे लीलाधरने मंदाबाईंना कधी सांगितलं नव्हतं. तो तेव्हाही संध्याकाळी येऊन नुसतं काहीतरी खोलत बसला असेल.

मंदाबाई गाडीत गेल्या आणि नोकरीतली बँडेजची कात्री घेऊन आल्या. "मी कापते," त्या म्हणाल्या. अंगठ्याचा दाब होता त्या टोकाखाली त्यांनी कात्रीचं बोथट टोक सरकवलं, जसं जखमेवरच्या बँडेजखाली सरकवतात, आणि एका दमात टेप उभी कापली. प्लग खोलला. आत परतीची तार होती. ती तुटलेली नव्हती, जळलेली नव्हती. नीट कापून, मागे वाकवून, तिच्या टोकाला वेगळी टेप लावून बाजूला निजवलेली होती.

मग मंदाबाईंना त्याचं एक बोलणं आठवलं. खाटेखाली पडून वायरी ओढता ओढता तो म्हणाला होता, "दुसऱ्याच्या तारेवर आपलं घर ठेवायचं नाही, मंदा. कधी तोडतील नेम नाही. जमीन कोणाच्या बापाची नसते." त्यांना वाटलं होतं, हा माणूस विजेबद्दल बोलतोय.

"अरे, एवढा राग होता तर बोलायचास!" मंदाबाई एकदम ओरडल्या. गोपाल दचकून मागे सरला. "चार शिव्या द्यायच्यास कोणाला तरी! मी ऐकल्या असत्या की. पोटात ठेवून ठेवून तुझं काळीज बंद पडलं, आणि माझ्या उंबऱ्याला हे लावून गेलास! मी रोज पाणी घालत होते रे त्याला, रोज!" त्या गाडीच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. तो गेला तेव्हा सगळे त्याचं चांगलं चांगलंच बोलत होते, त्यामुळे रागवायचं राहूनच गेलं होतं.

यशोदाबाई काठी टेकवून बाजूला उभ्या राहिल्या. गोपालने तार जोडली, गाडीतला विजेचा बोर्ड दोनतीन ठिकाणी खोलून परतीची बाजू सारखी केली, सळईची वायर सोडवून घेतली. मग घरातल्या साध्या प्लगला जोडून त्याने स्विच दाबला. कुलर चालूच राहिला. कोणी ओरडलं नाही.

गाडीत दिवा लागला आणि मंदाबाई दारातच थांबल्या. लीलाधर गेल्यापासून आपलं घर त्यांनी पुऱ्या उजेडात आज पहिल्यांदा बघितलं. कपाटाचं दार तिरपं होतं. प्लायवूडच्या कडा दाढी नीट न केल्यासारख्या. एक स्क्रू डोकं झिजल्यावर तसाच ठोकून बसवलेला. ओट्याखाली पिवळ्यावर दिलेल्या पांढऱ्या रंगाचे ओघळ वाळलेले. "काय हे काम, मिस्तरी," असं त्या पुटपुटल्या आणि दाराची मूठ धरली. झिणझिण्या आल्या नाहीत. त्यांनी ती उगाच बराच वेळ धरून ठेवली.

चार्जरचा काटा आता जिवंत होता. कांद्याचा ट्रक आला, भरून गेला. ऊन उतरलं तेव्हा गोपाल म्हणाला, "बघा तर मावशी." मंदाबाईंनी किल्ली फिरवली. एकदा घुर्रर्र झालं आणि इंजिन धरलं, असं धरलं की निंबावरचे कावळे उडाले.

तेवढ्यात सुयशचा फोन आला. "आई, कुठपर्यंत आलीस? गाडी चालू आहे ना? ते गिऱ्हाईक विचारतंय."

"त्याला सांग, पावभाजीला दुसरी गाडी बघ म्हणावं. ह्या घरात माणूस राहतं."

"म्हणजे चालू आहे?"

"चालू आहे. उद्या सकाळी देवपूरला येते. आणि येताना नव्या वायरचं बंडल घेऊन ये, तीन रंगांचं. तुझ्या पप्पांनी सगळं लालच करून ठेवलंय. आणि सुयश, खोलताना तूही शेजारी बस. त्यांनी काय काय करून ठेवलंय ते तुलाही कळू दे."

फोन ठेवला, इंजिन या वेळी मुद्दाम बंद केलं. भीती वाटली, पण केलं. दिवेलागण झाली तशा मंदाबाई सवयीने उठल्या, तांब्या भरला, चपला न घालताच खाली उतरल्या. चार पावलं जाऊन थांबल्या. सळई निंबाच्या बुडाशी आडवी पडलेली होती. पाणी घालायला काही नव्हतं.

यशोदाबाई केव्हाच्या गाडीच्या पायरीवर येऊन बसलेल्या होत्या. "आते कोनले पानी टाकस?"

"कोणालाच नाही."

"मंग माले दे. तहान लागनी."

त्यांचं घर समोर होतं, ओट्यावर त्यांचा माठ होता, गार पाण्याचा. मंदाबाईंनी त्या माठाकडे बघितलं आणि मग तांब्या पुढे केला. यशोदाबाईंनी तो वरून ओतून घेतला नाही, तोंड लावून प्यायल्या.

"हे तेव्हा प्यायचं होतंत, अक्का," मंदाबाई म्हणाल्या. "ते असताना."

यशोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि तांब्या परत दिला. त्यात अर्धं पाणी उरलं होतं. मंदाबाईंनाही दुपारपासून तहान लागलेली होती. त्यांनी तो तोंडाला लावला.